सरपंचबाईंचं सोंग

आम्ही जेवत होतो आणि टीव्हीवर बातम्या चालू होत्या. कुठल्याशा परदेशाचे राष्ट्राध्यक्ष एका हास्याच्या कार्यक्रमात पाहुणे म्हणून गेले होते. त्यांनी स्वतःच्याच भाषणाची नक्कल केली, लोक खिदळले, मग वाद्यं सुरू झाली तशी ते दोन पावलं नाचलेही. माझ्या नवऱ्यानं घास हातातच धरून ठेवला.

"हे शोभतं का?" तो म्हणाला. "देशाचा अध्यक्ष आहे हा माणूस. उद्या काही गंभीर सांगायला उभा राहिला तर कोण ऐकेल ह्याचं?"

नवरा अंबडला एका कारखान्यात सुपरवायझर आहे. खात्यात शिरताना तो चेहरा घट्ट करतो आणि शिफ्ट सुटेपर्यंत तसाच ठेवतो, हे त्यानंच मला सांगितलेलं. मुलीला मात्र ते अध्यक्ष फार आवडले. "हसवलं म्हणून काय झालं? मला तर ते एकदम ओळखीचे वाटले," ती म्हणाली. दोघांची जुंपली आणि शेवटी दोघांनी माझ्याकडे पाहिलं.

भाजीत मीठ किती असावं इथपासून सरकारनं काय करावं इथपर्यंत मी न मागता मत देते, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. त्या दिवशी मी नुसती आमटी वाढली. ह्या एका विषयावर मी एकदा मत देऊन बसले आहे. एकोणिसाव्या वर्षी, तावातावानं दिलं होतं, आणि दुर्दैवानं ते ऐकलं गेलं.

माझं माहेर तेव्हा नाशिकला लागून होतं. आता नाशिकच त्याच्या अंगावर आलंय. जिथं आमची शेवंती फुलायची तिथं आज चारमजली इमारती उभ्या आहेत. नव्वदीच्या सुमाराला मात्र सगळे मळेच होते. वडलांना आम्ही आबा म्हणायचो. आबा झेंडू आणि शेवंती लावत, कडेनं मेथी-कोथिंबीर. पहाटे फुलांच्या पाट्या घेऊन फूलबाजारात जात आणि ऊन तापायच्या आत परत येत. ह्या सगळ्यात ते दिवसाला फार तर वीस शब्द बोलत असतील. बोलायच्या आधी तीनदा खाकरत, टोपी मागं सारत, उजव्या पायानं डाव्या पोटरीला खाजवत, आभाळाकडं बघत, आणि एवढी तयारी करून झाली की म्हणत, "बरं." आणि निघून जात.

हे सगळं मला इतकं बारकाईनं माहीत आहे ते आबांना बघून नाही, आईनं काढलेलं त्यांचं सोंग बघून.

आमच्या मळ्यांमध्ये हळदीच्या दिवशी दुपारी, जेवणं उरकली की बायका सोंगं काढायच्या. नेसत्या लुगड्यावरच पुरुषाचे कपडे चढवायचे, काजळानं मिश्या काढायच्या आणि मांडवात यायचं. नियम एकच होता, पण कडक होता. प्रत्येकीनं आपापल्या घरातलाच माणूस उचलायचा. दुसरीच्या नवऱ्याची नक्कल केली की भांडणं होतात, हे कुणीतरी फार पूर्वीच ओळखलेलं असणार. पुरुषांनी त्या वेळेला तिथं थांबायचं नाही. ते पाराकडं जायचे आणि बायका पोट धरधरून हसायच्या.

आईसारखं सोंग पंचक्रोशीत कुणाला जमत नसे. ती काही करायचीच नाही, हीच तिची खुबी. मांडवाच्या तोंडाशी आबा होऊन नुसती उभी राहायची. पहिल्या खाकरण्याला बायका तोंडाला पदर लावायच्या, टोपी मागं गेली की एकमेकींच्या अंगावर पडायच्या, आणि "बरं" येईपर्यंत म्हाताऱ्या आत्याबाईंना कुणीतरी पाणी द्यावं लागायचं. बाकीच्या बायका नवऱ्याला आरडाओरडा करताना दाखवत, दारू पिताना दाखवत. आई आबांना नुसतं बोलायच्या बेतात असलेलं दाखवायची.

आबांना हे माहीत होतं का? कपडेच त्यांचे असायचे. लग्नघरी जायच्या आदल्या दिवशी आबा स्वतः आपला धुतलेला पायजमा, सदरा आणि टोपी घडी घालून गादीखाली ठेवत, म्हणजे इस्त्री व्हायची. एकदा आई घाईत काकांचा सदरा घेऊन निघाली, तर आबांनी तिला थांबवलं. "दुसऱ्याच्या सदऱ्यात मी कसा दिसंल?" ते म्हणाले. त्या दिवसाचे निम्मे शब्द त्यात खर्ची पडले असतील. आणि सगळे पुरुष पाराकडं गेले तरी आबा जात नसत. ते गोठ्याच्या भिंतीमागं, बैलांना पाणी पाजायच्या निमित्तानं थांबलेले असत. एकदा लहानपणी मी त्यांना तिथं बघितलं. बादली रिकामी होती आणि आबा भिंतीला टेकून डोळे पुसत हसत होते. आबांना हसताना मी दुसरीकडं कुठं पाहिल्याचं मला आठवत नाही.

मग पंचायतीत बायकांसाठी जागा राखीव झाल्या आणि आमच्या गावाचं सरपंचपद बाईसाठी निघालं. गावातल्या चार शहाण्यांनी विचार करून आईचं नाव काढलं. आबांचं कोणाशीच वाकडं नव्हतं, तेव्हा त्यांच्या बायकोला कोण विरोध करणार, असा हिशेब होता. आबांचं कोणाशी वाकडं नव्हतं कारण ते कोणाशी बोलतच नसत, ही गोष्ट वेगळी.

निवड झाली त्या दिवशी पंचायत समितीचे सभापती जीप घेऊन आले. हार आमच्याच झेंडूचा होता, आबांनीच पहाटे ओवलेला. सभापतींनी हार उचलला, समोर बघितलं, आणि सवयीनं सरळ आबांच्या गळ्यात घातला. आई एक पाऊल मागं उभी होती. टाळ्या वाजल्या. आबा जागच्या जागी थिजले. ते हार काढायला गेले तर तो टोपीत अडकला, टोपी खाली पडली, आणि बोडक्या डोक्यानं त्यांनी तो घाईघाईनं आईच्या गळ्यात टाकला. भर चौकात नवरा बायकोला हार घालतोय म्हटल्यावर लोकांनी जो हशा केला तो काही मायेचा नव्हता. आबा टोपीही न उचलता मळ्यात निघून गेले आणि दिवस मावळेपर्यंत घरी आले नाहीत. ह्या गोष्टीचा विषय आमच्या घरात पुन्हा कुणी काढला नाही.

आई सातवी शिकलेली होती. ग्रामसेवकाला सगळे भाऊसाहेब म्हणत. ते सह्यांसाठी रजिस्टर घेऊन घरी यायचे आणि आबांच्या पुढ्यात ठेवायचे. आबा ते सरकवून आईपुढं ठेवत. आई बोट लावून एकेक ओळ वाचायची आणि भाऊसाहेबांचा चहा दोनदा गार व्हायचा. पहिल्याच वर्षी तिनं एक काम मनावर घेतलं. गावच्या मराठी शाळेत मुलींसाठी मुतारी नव्हती. मीही त्याच शाळेत शिकले होते. दिवसभर पाणी न पिता बसायची सवय आम्हा सगळ्या मुलींना होती, आणि त्यात काही वेगळं आहे असं आम्हाला वाटतही नव्हतं. आईला वाटलं.

नेमकं त्याच महिन्यात माझ्या चुलतबहिणीचं लग्न आलं. हळदीला आईनं नेहमीसारखं सोंग काढलं. पण आता ती सरपंच होती. सरपंचबाई सोंग काढणार म्हटल्यावर पाराकडं गेलेले पुरुष परत आले, पोरंटोरं कंपाउंडावर चढली, आणि जे आजवर मांडवातच राहायचं ते संध्याकाळपर्यंत गावभर झालं.

आठ दिवसांनी ग्रामसभा होती. मी तेव्हा नाशिकला कॉलेजात जात होते, पहिल्या वर्षाला, आणि जगातलं सगळं मला नुकतंच कळलं होतं. मी मुद्दाम मागच्या रांगेत जाऊन बसले. आई उभी राहिली. मुतारीचा ठराव तिनं घरी दहा वेळा म्हणून बघितला होता. चार वाक्यं झाली असतील, तेवढ्यात आमचे उपसरपंच खुर्चीत मागं रेलले आणि म्हणाले, "बाई, हेच जरा आबांच्या आवाजात सांगा ना. म्हंजी आमाला पटंल."

सगळी सभा हसली. भाऊसाहेब हसले, शाळेचे मास्तर हसले. आबा दाराशी उभे होते, ते खाली बघू लागले. आईनं हातातला कागद दोनदा दुमडला आणि ती खाली बसली. ठराव पुढच्या सभेवर गेला.

घरी येईपर्यंत माझं डोकं फुटायची पाळी आली होती. खरं तर राग उपसरपंचांचा होता, पण ते तिथं नव्हते आणि आई होती. ती परात पुढं घेऊन पीठ मळत होती. मी उभ्यानंच सुरू केलं. लोक हसणारच, तू हसू देतेस म्हणून. पदाची काही किंमत असते. सरपंच झालीस ना, मग सरपंचासारखी राहा. आणि एवढ्यावर माझं भागलं नाही म्हणून मी म्हणाले, "तू गावची सरपंच आहेस का तमाशातला सोंगाड्या आहेस, ते एकदा ठरव."

आईचा हात परातीत थांबला. बाहेर ओट्यावर आबा फुलं ओवत होते, त्यांचाही हात थांबला असणार, कारण दोऱ्याचा आवाज थांबला. आई माझ्याकडं न बघता म्हणाली, "बरं."

आणि तिनं सोंग सोडलं.

खोटं कशाला बोलू, माझं म्हणणं बरोबर ठरलं. आई कांजी केलेली साडी नेसू लागली. चष्मा लागला, तो तिनं सभेत काढून पुसायला सुरुवात केली आणि तो पुसून होईपर्यंत सगळे गप्प बसू लागले. बोलताना ती दर वाक्यानंतर थांबायची. दोन वर्षांत अशी परिस्थिती आली की ती चावडीवर आली की माणसं विड्या विझवायची. ठराव मंजूर झाला, मग विटा आल्या, मग दोन वर्षं नुसत्या विटाच राहिल्या, पण तिनं पिच्छा सोडला नाही. कॉलेजात कुणी विचारलं तर मी मान ताठ करून सांगायची, माझी आई सरपंच आहे.

लग्नांना ती जायची, पण खुर्चीवर बसायची. बायका हाताला धरून ओढायच्या, "आवं, एकदाच!" आणि ती हसून मान हलवायची. आहेर करायची आणि जेवून परत यायची. तिच्याशिवायही सोंगं होत, पण आत्याबाई म्हणायच्या की मीठच नाही त्यात.

एक गोष्ट मला दिसत होती आणि मी ती बघत नव्हते. गावात लग्न निघालं की आदल्या दिवशी आबांचा सदरा, पायजमा आणि टोपी गादीखाली जायचीच. दुसऱ्या दिवशी आई कांजीच्या साडीत निघून गेली की आबा ती घडी काढायचे आणि पुढच्या पहाटे तेच कपडे घालून फुलं घेऊन बाजारात जायचे. चार वर्षं हे चाललं. कुणी काही म्हणत नव्हतं, म्हणून मी समजत होते की कुणाला काही वाटत नाही.

मग माझं लग्न ठरलं. मुलगा अंबडला नोकरीला, घर चांगलं, नाशिकमध्येच. म्हणजे बसनं पाऊण तासाची वाट. पण आबांनी ते असं घेतलं की जणू मला साता समुद्रापार देताहेत. ते माझ्याशी बोलेनासे झाले. तसे ते बोलत नव्हतेच, पण आधीचं न बोलणं आणि हे न बोलणं ह्यात फरक होता, आणि तो घरातल्या माणसालाच कळला असता. माझी चप्पल तुटली होती ती न सांगता शिवून आली. मला आवडतात म्हणून रोज बाजारातून अंजिरं येऊ लागली. हळदीसाठी त्यांनी शेवंतीचा एक वाफा अख्खा राखून ठेवला होता, बाजारात एक फूल नेलं नाही. मी समोर आले की ते तीनदा खाकरायचे, टोपी मागं सारायचे, आभाळाकडं बघायचे आणि "बरं"सुद्धा न म्हणता निघून जायचे.

हळदीच्या दिवशी सकाळी मी माझी गादी उचलली. पाहुण्यांसाठी खोली मोकळी करायची होती. गादीखाली आबांचे कपडे होते. पायजमा, सदरा, वर टोपी. चार वर्षं ते आपल्या गादीखाली ठेवत होते. ह्या वेळेला त्यांनी ते माझ्या गादीखाली ठेवले होते.

मी तिथंच खाली बसले. मला भयंकर लाज वाटली. ओट्यावर दोऱ्याचा आवाज थांबला होता तो मला चार वर्षांनी ऐकू आला. आईचं सोंग कोणी बंद केलं हे आबांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं, आणि ते मला एका शब्दानं बोलले नव्हते. आताही बोलत नव्हते. नुसते कपडे ठेवले होते, जिथं सापडतील तिथं.

कपडे घेऊन मी आईकडं गेले. ती आतल्या खोलीत साडीच्या निऱ्या घालत होती.

"आज सोंग काढ," मी म्हणाले.

तिनं कपड्यांकडं पाहिलं आणि मग माझ्याकडं. "याड लागलं का तुला? सभापती यायचेत जेवायला. उपसरपंच येनार, भाऊसाहेब येनार. पुढच्या हप्त्यात ग्रामसभा हाय. मुतारीला दारं बसायची राह्यलीत, पानी राह्यलंय. आता हसू केलं तर जाईल ना सगळं."

"येऊ दे त्यांना. बसू दे."

"तूच म्हनली होती."

"म्हटलं होतं. मी चुकले होते असं मी आत्ताही म्हणत नाहीये," मी म्हणाले, कारण माझा स्वभाव तो आणि हळद लागली म्हणून तो काही बदलत नाही. "पण मी उद्या जाणार आहे, आणि मला तू पाहिजेस. ही कांजीची बाई नको मला."

बोलता बोलता मला रडूच आलं. समोर उभ्या असलेल्या माणसाची आठवण येऊ शकते हे मला तेव्हा कळलं. आईनं माझ्या हातातून टोपी घेतली, फिरवून बघितली आणि पुन्हा माझ्या हातात दिली. ती मांडवात पाहुण्यांकडं निघून गेली. मी कपडे तिच्या पेटीवर ठेवले.

हळद लागली, जेवणं झाली. सभापती आणि मंडळी खुर्च्यांवर पान खात बसली होती; एवढी मोठी माणसं, त्यांना पाराकडं जा म्हणणार कोण? बायका एका बाजूला दाटीवाटीनं बसल्या होत्या. आज सोंगं होणार नाहीत असंच सगळ्यांनी धरलं होतं. मी पाटावर, पिवळीधमक, आणि आई कुठंच दिसत नव्हती.

मांडवाच्या तोंडाशी कुणीतरी खाकरलं.

एकदा. मग दुसऱ्यांदा. मी वळून बघितलं. टोपी, सदरा, काजळाच्या मिश्या. खाली कांजीच्या साडीचा काठ पायजम्यातून डोकावत होता. तिसरं खाकरणं झालं तरी कुणी हसलं नाही. बायका खुर्च्यांकडं बघत होत्या आणि खुर्च्यांवरची माणसं एकमेकांकडं. चार वर्षांची तिची इभ्रत मी एका हट्टापायी मातीत घातली, असं मला वाटलं. उपसरपंच खुर्चीत मागं रेलले, अगदी त्या दिवशीसारखे.

आई चालत मधोमध आली. तिच्या हातात शेवंतीचा हार होता. तो तिनं आपल्याच गळ्यात घातला आणि दचकली. हाराकडं बघितलं, लोकांकडं बघितलं. काढायला गेली तर हार टोपीत अडकला. मला एकदम कळलं ती काय करत होती, आणि मी आबांना शोधू लागले. जो दिवस घरात कुणी उच्चारत नव्हतं तो ती भर मांडवात, ज्यांनी तो हार घातला त्या सभापतींच्या पुढ्यात उभा करत होती. टोपी खाली पडली. हार हातात घेऊन ती गोंधळून इकडंतिकडं बघू लागली.

"सरपंचबाई कुठं गेल्या?" ती आबांच्या आवाजात म्हणाली. "हार त्यांचा हाय. मला घातला चुकून."

तिनं खुर्च्यांच्या मागं बघितलं. बायकांच्या घोळक्यात बघितलं. पाण्याच्या पिंपाचं झाकण उचलून आत बघितलं. "आत्ता तर हितं होत्या! पाच वर्सं झाली, मी हार घेऊन हिंडतोय." आत्याबाईंना पहिलं हसू फुटलं आणि मग बायकांचा धीर सुटला. आई तशीच गंभीर, हार घेऊन उपसरपंचांपुढं गेली. "भाऊ, तुमी पाह्यल्या का सरपंचबाई?"

उपसरपंचांनी वर पाहिलं. त्यांचा ओठ हलत होता. "त्या काय," ते म्हणाले, "तुमच्याच सदऱ्यात हायेत." आणि तो अवाढव्य माणूस खुर्चीसकट हलायला लागला. सभापतींनी रुमाल तोंडाला लावला, भाऊसाहेब हसू आवरायला उठून बाहेर गेले. त्या हशात आणि चौकातल्या हशात काय फरक होता ते मला सांगता यायचं नाही, पण तो अंगाला कळत होता.

पुढच्या आठवड्यातल्या ग्रामसभेचं आत्ताच सांगून टाकते, नाहीतर वाचणाऱ्याचा जीव तिथं अडकायचा. आई कांजीची साडी नेसून गेली, चष्मा पुसला, सगळे गप्प झाले. दारं आणि पाणी मंजूर झालं. सोंगाचं कुणी नाव काढलं नाही. सभा संपल्यावर उपसरपंच एवढंच म्हणाले, की त्यांच्या मुलीच्या हळदीला बाईंनी यावं, आणि आबांचे कपडे आणावेत.

पण मांडवात अजून एक व्हायचं होतं. हसू ओसरलं तशी आई, मिश्या पसरलेल्या, पडलेली टोपी उचलून पुन्हा डोक्यावर घालून माझ्या पाटापाशी आली. वाटीत हळद उरली होती. आमच्यात हळद लावतात त्या सवाष्णी; बापानं लांब उभं राहून बघायचं असतं. आई माझ्यासमोर उकिडवी बसली आणि पुन्हा आबा झाली. तीनदा खाकरली. टोपी मागं सारली. आभाळाकडं बघितलं. बायका हसायच्या तयारीत होत्या. पण ती "बरं" म्हणाली नाही. तिनं बोट हळदीत बुडवलं आणि ते माझ्या गालापाशी धरून, आबांच्या त्या जड, अडखळत्या आवाजात म्हणाली, "सुखानं राहा, बाई."

"बाई नाय म्हनत मी."

आवाज मांडवाच्या मागच्या मेढीपाशी होता. सगळ्या माना वळल्या. आबा तिथं उभे होते. हातात बादली होती, ती ह्या वेळेलाही रिकामीच होती. ते आधी खाकरलेसुद्धा नव्हते.

"मग काय म्हंता?" आईनं विचारलं. आवाज अजून आबांचाच होता.

"पोरी म्हनतो."

कुणी हसलं नाही. आईनं डोक्यावरची टोपी काढली, उठून त्यांच्यापाशी गेली आणि ती त्यांच्या डोक्यावर ठेवली. मग हळदीची वाटी त्यांच्या हातात दिली. "मंग तुमीच म्हना," ती आपल्या आवाजात म्हणाली.

आबांनी बादली खाली ठेवली. शंभर माणसांतून चालत ते माझ्यापर्यंत आले, बोट नाही, सगळा पंजाच त्यांनी वाटीत घातला, आणि माझ्या उजव्या गालावर ठेवला. "पोरी," ते म्हणाले. पुढं आणखी काही म्हणायचं होतं असं त्यांच्या तोंडावर दिसत होतं. त्यांनी आभाळाकडं पाहिलं, वर मांडवाचं कापड होतं. मग ते तसेच मागं फिरले आणि बैलांकडं गेले.

लग्नाच्या फोटोत माझा उजवा गाल डाव्यापेक्षा पिवळा दिसतो. फोटोवाला म्हणाला होता, ताई, रुमालानं जरा पुसून घ्या. मी त्याच्यावर एवढ्यांदा ओरडले, की नवरा मुलगा दचकून माझ्याकडं बघत असलेलाच फोटो पुढं अल्बममध्ये आला.